तिरका दात

दुकानात स्टुलं दोन होती, पण मानाचं एकच. खिडकीपाशी, उजेडाच्या तोंडाशी, उंच पायांचं, बसून बसून मधे खोलगट झालेलं. त्याच्यावर वहिनी बसायची आणि मेणात दात बसवायची. दुसरं स्टूल मागच्या खोलीत, घासायच्या मशीनपाशी, त्यावर मास्तर. मास्तर म्हणजे तिचा नवरा. आणि तिला वहिनी म्हणायचे ते शहरातले सगळे दातांचे डॉक्टर, त्यांचे शिपाई, प्लास्टरची पोती टाकणारा गाडीवाला. नात्यानं तिचा एकही दीर नव्हता, पण वहिनी मात्र ती गावभराची.

दुकान कवळ्यांचं. माणूस डॉक्टरकडे जाऊन तोंडाचं माप देतो, त्या मापाचा प्लास्टरचा साचा इकडे येतो, आणि त्या साच्यावर मेणात एकेक दात उभा करत कवळी घडते. मग मेण वितळवून काढायचं, त्या जागी गुलाबी लगदा भरायचा, शिजवायचा, घासायचा, चकाकी आणायची. ही धुळीची, आवाजाची, ताकदीची कामं मास्तरांची. दात बसवणं वहिनीचं. आणि कवळीत दुसरं असतं काय हो? सगळा जीव त्या दात बसवण्यातच.

डॉक्टर आला की मात्र गंमत व्हायची. जिन्यावर बूट वाजले की वहिनी उठायची, मास्तर हात पुसत येऊन तिच्या स्टुलावर बसायचे, तिच्या हातातली मेणाची सुरी त्यांच्या हातात जायची आणि ती आत चहा ठेवायला. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी एक डॉक्टर अचानक आला, ती बुजून उठली, जागा रिकामी दिसली म्हणून नवरा बसला. झालं, पडली रीत. पुढे वीस-बावीस वर्षं बूट वाजले की ती आपोआप उठायची, उकळत्या दुधापाशी धावावं तशी. आतून तिला ऐकू यायचं, "मास्तर, तुमच्या हाताला तोड नाही." मास्तर "अहो, काय डॉक्टर" म्हणून हसायचे. ती कपात साखर ढवळत राहायची. वाईट वाटायचं का? वाटायचं. पण मिळवलेलं घरातच येतंय, मग नाव कुणाचं का असेना, असं ती स्वतःला समजवायची. समजूत घालायला स्वतःइतकं सोपं माणूस दुसरं नसतं.

तिच्या हाताचं खरं मोल एकाच माणसाला माहीत होतं, तिच्या सासूला. सासूबाईंचे दात लवकर गेले. बाई मुळात हसरी, पण दात गेल्यावर तोंडावर हात ठेवून बोलायला लागली. पाहुणे आले की आतल्या खोलीत. वहिनीनं तिच्या तरुणपणाचा एक फोटो शोधून काढला. त्यात वरचा एक दात, समोरच्या दोघांच्या बाजूचा, थोडा तिरका होता, शेजारच्याच्या खांद्यावर टेकल्यासारखा. वहिनीनं कवळीत तो दात तस्सा तिरका बसवला. मास्तर म्हणाले, "कवळीत कुणी वाकडा दात घालतं का? लोक हसतील." सासूबाईंनी कवळी घातली, आरशात पाहिलं आणि जिभेनं तो दात चाचपला. मग म्हणाल्या, "अगं, ही मी." त्या दिवसापासून तोंडावरचा हात गेला तो गेलाच.

असं सगळं चाललं होतं आणि मास्तरांना पन्नाशीत पालवी फुटली. एका दवाखान्यात फोन उचलणारी बाई होती, तिच्यापायी. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अडवायलाही कुणी नव्हतं. त्यांनी एका दुपारी मशीन बंद केलं, हात पुसले आणि म्हणाले, "मला आता हे जमणार नाही." वहिनीला वाटलं मशीनबद्दल बोलताहेत. ती म्हणाली, "पट्टा बदलून घ्या की." ते म्हणाले, "मशीनचं नाही. आपलं."

महिनाभरात वहिनी एका इस्त्रीवाल्याच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली. येताना दोन पेट्या आणल्या. एकीच्या तळाशी, जुन्या साडीत गुंडाळून, मेणाची सुरी, छोटा स्पिरिटचा दिवा, गुलाबी भुकटीची बाटली आणि तिच्यात कालवायच्या औषधाची कुपी. हे ती का घेऊन आली, तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

आधी तिनं काम शोधलं, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढे लोक म्हणाले की बाईला बसून खायचं होतं. ती शहरातल्या कवळ्यांच्या बाकीच्या तिन्ही दुकानांत गेली. एकानं विचारलं, शिक्षणाचा कागद आहे का. दुसऱ्याच्या दुकानात मेणच उरलं नव्हतं, संगणकावर एक मुलगा दात फिरवत बसला होता. तिसरा ओळखीचा होता. तो भला माणूस, त्यानं खुर्ची दिली, म्हणाला, "वहिनी, मास्तरांशी माझं वाकडं नाही यायला पाहिजे. आणि खरं सांगू का, तुम्हाला चहा छान येतो, पण दात..." तो ओशाळून हसला. वहिनी त्याच्या टेबलावरची अर्धवट कवळी बघत होती. खालच्या दाढा चुकल्या होत्या, घास तिथं अडकणार होता. ती उठली. बोलून तरी कोण ऐकणार होतं?

मग वकीलबाई भेटल्या. तरुण, तोंडाळ, पण मनानं चांगल्या. त्यांनी समजावून सांगितलं की पोटगी म्हणजे नवऱ्याला दंड नाही आणि बायकोला बक्षीस नाही. लग्न किती वर्षं टिकलं, नवरा कमावतो किती, बायकोला स्वतःचं पोट स्वतः भरता येतं का, आणि दोघं आजवर कशी राहत होती, हे सगळं बघून न्यायाधीश ठरवतात.

"सगळा खेळ तिसऱ्या गोष्टीवर आहे," वकीलबाई म्हणाल्या. "तुम्हाला काही येतं का?"

"दात बसवता येतात."

"कागद आहे?"

"नाही."

"पगार घेतलात कधी? बँकेत? हातात?"

"घरचंच काम ते. घरच्या कामाचा कसला पगार?"

"कुणी काम देतंय?"

"नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "मग कोर्टात तुम्हाला काही येत नाही. लक्षात ठेवा. येतं म्हणालात, तर न्यायाधीश म्हणतील कमवा की. बाहेर तुम्हाला कुणी उभं करणार नाही आणि इथून पोटगी जाईल. दोन्हीकडून जाल."

"पण ते खोटं होईल."

"तुम्ही काम करताना कुणी पाहिलंय?"

वहिनी विचार करू लागली. वीस-बावीस वर्षं. जिन्यावरचे बूट. बाहेरच्या कुणी नाही पाहिलं.

"मग खोटं कसं?" वकीलबाई म्हणाल्या, आणि दुसरी फाईल ओढली.

सुनावणीची खोली लहान होती. पिवळा दिवा, लाकडी बाकं, एक खिडकी उघडत नसलेली. न्यायाधीश पोक्त गृहस्थ, चष्म्यावरून बघणारे. मास्तर नवा शर्ट घालून आले होते, कॉलरची घडी मोडलेली नव्हती. तिनं सवयीनं बघितलं, इस्त्री कुणी केली असेल, आणि मग नजर वळवली.

मास्तरांच्या वकिलानं त्यांना उभं केलं. आणि मग ते झालं, जे वहिनीच्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं.

"दुकानातलं बारीक काम सगळं हीच करायची," मास्तर म्हणाले. "मी घासायचो, शिजवायचो, पोचवायचो. दात बसवणं हिचं. मला ते येत नाही. म्हणजे येतं, पण हिच्यासारखं नाही. हिनं बसवलेले दात बघून डॉक्टरसुद्धा फसायचे, खरे की खोटे. चेहरा न बघता नुसत्या साच्यावरून ही सांगायची, हा माणूस डावीकडून चावतो. असा हात मी दुसरा बघितला नाही."

खोलीत सगळे ऐकत होते. लिहून घेणारा लिहून घेत होता. वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हे एक वाक्य चार माणसांत बोलला असता, तर ती त्याच्यासाठी अजून वीस वर्षं चहा करत राहिली असती. आणि बोलला कधी? पैसे वाचवायला. मेल्याला कौतुकाला मुहूर्त सापडला तो हा. तरी तिला ते ऐकावंसं वाटत होतं, संपूच नये असं वाटत होतं, आणि त्याची तिला भयंकर लाज वाटली.

वकीलबाईंनी दोन डॉक्टरांना आणलं होतं. ती मंडळी खोटं बोलणारी नव्हती. जे पाहिलं ते त्यांनी सांगितलं. खिडकीच्या स्टुलावर नेहमी मास्तर असायचे, सुरी त्यांच्या हातात असायची, वहिनी चहा आणायच्या. "चहा उत्तम करायच्या," एक डॉक्टर म्हणाले, बिचारे, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून.

मग मास्तरांच्या वकिलानं शेवटची साक्ष म्हणून सासूबाईंना बोलावलं.

त्या काठी टेकत आल्या. वहिनीशेजारून जाताना थांबल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "घाबरू नकोस गं. मी तुझ्याबद्दल चांगलंच सांगणार आहे." त्यांना कुणी काय समजावलं होतं देव जाणे. पोटगी कशावर ठरते हे त्यांना ठाऊक नव्हतं. सुनेचं कौतुक कोर्टात केलं की सुनेचं भलंच होणार, एवढा सरळ हिशेब त्यांच्या डोक्यात. आयुष्यभर घराच्या चार भिंतींत राहिलेल्या बाईला दुसरा हिशेब कुठून येणार?

"माझे दात हिनं केलेत," त्या न्यायाधीशांना म्हणाल्या. "हे बघा." आणि त्या हसल्या. भर कोर्टात, तोंडावर हात न ठेवता, मनापासून हसल्या. वरचा तिरका दात दिव्यात चमकला. "माझा असाच होता, तरुणपणी. हिनं फोटो बघून बसवला. माझ्या लेकाला हे सात जन्मांत जमणार नाही."

न्यायाधीशसुद्धा किंचित हसले. मग त्यांनी वहिनीकडे वळून विचारलं, "बाई, हे दात तुम्ही केलेत?"

वकीलबाई पुढच्या कागदाकडे बघत होत्या. मास्तर जमिनीकडे बघत होते. सासूबाई तिच्याकडे बघत होत्या, हसू तसंच, मान थोडी पुढे, बोल की गं म्हणावं तशी. वहिनीला इस्त्रीवाल्याची खोली आठवली, भाडं आठवलं, तिसऱ्या दुकानातली खुर्ची आठवली.

"नाही," ती म्हणाली. "ह्यांनी केलेत. मला नाही येत."

सासूबाईंचं हसू लगेच गेलं नाही. ऐकू नीट आलं नसावं असं त्यांना आधी वाटलं. मग हळूहळू ओठ मिटले. त्यांनी एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि त्या काठी शोधू लागल्या.

निकाल वहिनीच्या बाजूनं लागला. त्यात लिहिलं होतं की अर्जदार बाईस कोणतेही कौशल्य वा उपजीविकेचे साधन नाही, सबब पोटगी मंजूर. वकीलबाई खूश झाल्या. वहिनीनं तो कागद घरी आणून पुन्हा वाचला. कोणतेही कौशल्य नाही. खाली शिक्का. नवऱ्यानं इतकी वर्षं तोंडी केलं ते तिनं स्वतः मागून लेखी करून घेतलं होतं.

"एक लक्षात ठेवा," वकीलबाई निरोप घेताना म्हणाल्या. "हे कायमचं नाही. तुम्ही कमावताय किंवा तुम्हाला काम येतं असं त्यांनी उद्या दाखवून दिलं, तर अर्ज करून ते बंद करू शकतात. वर शपथेवर खोटं बोलल्याचं येईल ते वेगळंच. मेणाला हात लावू नका. कुणाचं फुकटसुद्धा नको."

तिकडे मास्तरांचं दुकान बसत चाललं. बसणारच होतं. कवळ्या परत येऊ लागल्या, कुणाला चावता येईना, कुणाला बोलता येईना. डॉक्टर म्हणू लागले, मास्तरांचं कामात लक्ष नाही, घरच्या भानगडीमुळे हात गेला. हात गेला होताच, तो इस्त्रीवाल्याच्या वरच्या खोलीत खिडकीत बसून रस्ता बघत होता. मास्तरांनी ओळखीच्या एकाकडून निरोप धाडला, "मी सिद्ध करीन. केव्हा ना केव्हा ती सुरी हातात घेईल." तेव्हापासून वहिनी जिन्यावर पाऊल वाजलं की दचकायची. उठून उभीसुद्धा राहायची. सवय.

आणि एका दुपारी पाऊल वाजलं ते काठीचं.

सासूबाई दारात उभ्या होत्या, धापा टाकत, तोंडावर हात. वहिनीनं त्यांना बसवलं, पाणी दिलं. पाणी प्यायला हात काढला तेव्हा दिसलं. गाल आत गेले होते, ओठ तोंडात ओढले गेले होते. चेहरा कुणीतरी मुठीत चुरगाळून टाकलेला.

त्यांनी हातातल्या रुमालाची गाठ सोडली. कवळी मधोमध दुभंगलेली होती.

"त्यानं सरळ करायला घेतला," त्या म्हणाल्या. दातांशिवाय शब्द निसटत होते. "तिरका दात. म्हणाला, लोक बघतात आणि विचारतात, कुणी केला. मशीनवर धरला आणि गेली तडकून. दुसरी करून दिली त्यानं, ती लागते. हिरडीतून रक्त येतं. मी पेज पिते बाई, दुसरं काही नाही जात." मग त्यांनी दोन्ही तुकडे तिच्यापुढे सरकवले. "एवढं जोडून दे. मी कुणाला सांगणार नाही."

वहिनीनं तुकडे बघितले. हात न लावता तिला कळलं, कुठं खरवडायचं, किती भुकटी लागेल, कुठं बोट धरायचं. तासाभराचं काम. बोटं मांडीवर आपोआप हलायला लागली, तिनं ती पदरात गुंडाळली.

"कुणाबरोबर आलात, आई?"

"तो खाली आहे. जिना चढवत नाही त्याला, गुडघे गेलेत."

वहिनी खिडकीशी गेली. समोरच्या फुटपाथवर मास्तर उभे होते. हातात काही नव्हतं. ते वरच बघत होते. आता माणूस म्हाताऱ्या आईला घेऊन आला तर वर बघणारच. आणि पुरावा गोळा करायला आला तरी वरच बघणार. दोन्हींत फरक काय दिसणार होता? तिनं वीस-बावीस वर्षं त्या चेहऱ्याशेजारी काढली होती आणि तिला तो वाचता येत नव्हता.

"त्यांनी पाठवलं का तुम्हाला?"

सासूबाई गोंधळल्या. "मीच म्हणाले, तिच्याकडे ने. तो म्हणाला, जा, ती देईल करून."

ती देईल करून. वहिनी खिडकीपासून मागे सरली. सासूबाई खोटं बोलत नव्हत्या, त्याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पण सासूबाई कोर्टातही खोटं बोलल्या नव्हत्या. उद्या कुणी विचारलं, कुणी जोडली, तर त्या पुन्हा हसून सांगतील. कुणाला न सांगण्याचं वचन विसरून, कौतुकानं सांगतील. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मला नाही येत."

खालच्या दुकानात इस्त्रीची वाफ फुसफुसली. सासूबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. राग असता तर बरं झालं असतं.

"हो की," त्या म्हणाल्या. "तू सांगितलं होतंस. मीच विसरले."

त्यांनी काठी घेतली. वहिनी धरायला पुढे झाली, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. रुमाल तसाच टेबलावर राहिला. "राहू दे," त्या जिन्यातून म्हणाल्या. "मला तरी काय उपयोग." वहिनीनं खिडकीतून पाहिलं. मास्तरांनी आईचा हात धरला, काहीतरी विचारलं, आईनं मान हलवली. मास्तरांनी एकदाच वर पाहिलं. मग दोघं कोपऱ्यावरून वळली. म्हातारीचा दुसरा हात तोंडावर होता.

दाराला कडी घालून वहिनीनं पेटी उपसली.

तासाभराचं काम तासाभरात झालं. औषधाचा उग्र वास खोलीत भरला, तिनं खिडकी उघडली नाही, डोळे झोंबू दिले. सांधा कुठं होता ते बोट फिरवून तिलाही सापडेना. मास्तरांनी खरवडलेला तिरका दात तिनं मेणावर पुन्हा त्याच कलानं टेकवला. फोटो बघावा लागला नाही. मग ती तशीच बसून राहिली आणि हमसून हमसून रडली. इतकं सुरेख काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि ते ज्या तोंडासाठी होतं त्या तोंडात ते दिसलं, की तिच्या तोंडचा घास जाणार होता.

कवळी कोरडी ठेवली की वाकते, म्हणून तिनं ती एका कपात पाण्यात बुडवून कपाटात ठेवली, साड्यांच्या मागे. रोज सकाळी दाराला कडी घालून ती ते पाणी बदलते. हिरड्यांचं तिला माहीत आहे. दात नसले की त्या झिजत जातात, आकार बदलतो, काही महिन्यांनी तीच कवळी त्याच तोंडात बसत नाही. ते महिने केव्हाच होऊन गेले. पोटगी कधी येते, कधी थकते. पाणी ती बदलते.